चिठ्ठी मोबाइलवर येईपर्यंत

उजनीच्या फुगवट्यावर राहणाऱ्या माणसाला उणे टक्के म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. धरण भरलं की ११७ टीएमसी पाणी असतं. त्यातलं सुमारे ६३ टीएमसी कागदावर मृत साठा. टक्केवारी मोजतात ती वरच्या जिवंत साठ्याची, म्हणून तो संपला की आकडा शून्याखाली उतरतो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे साठपर्यंत गेला. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ पायथ्यापर्यंत उघडं पडलं, पुण्याहून लोक फोटो काढायला आले, आणि त्याच आठवड्यात काठावरचे शेतकरी मोटारी ओढून पाण्याच्या मागे मागे सरकत होते. सरकारदरबारी मेलेल्या पाण्यावर त्यांचा ऊस जगत होता.

या पट्ट्यात मोजमाप हा जिवाचा विषय आहे. किती पाणी उरलं, किती एकर नोंदला, कितवा नंबर लागला, काट्यावर किती भरलं. गेल्या तीस वर्षांत ही मोजदाद वहीतून संगणकात आणि संगणकातून शेतकऱ्याच्या खिशातल्या फोनमध्ये कशी आली, त्याची ही हकिगत. यंत्रं आली यात फार नवल नाही. पण ती आधी कुठे आली आणि कुठे अजून आलेली नाहीत, हे पाहिलं की कारखान्याचा कारभार कळतो.

भीमेवर उजनीला बांध घालायचं काम १९६६ मध्ये सुरू झालं आणि १९८० मध्ये धरण पुरं झालं. करमाळा, इंदापूर, माढा, दौंड, कर्जत या तालुक्यांतली नदीकाठची काळी जमीन पाण्याखाली गेली. गावं उठून वर सरकली आणि जुन्या नावांमागे ‘नवं’ लागलं. मुंबई–सोलापूर रेल्वेचा रूळसुद्धा उचलून दुसरीकडे टाकावा लागला. डिकसळचा ब्रिटिशकालीन रेल्वेपूल तेवढा मागे राहिला. तो रस्त्याला मिळाला, आणि ज्या पुलावरून एकेकाळी मेलगाडी धावायची त्यावरून पुढे करमाळ्याचा ऊस इंदापूरकडे जायला लागला.

जमीन गेली, पण पाणी दाराशी आलं. ज्यांच्याकडे माळाची का होईना जमीन उरली, त्यांनी कर्ज काढून फुगवट्यात मोटारी सोडल्या, दोन-दोन, तीन-तीन किलोमीटर पाइपलाइनी ओढल्या. मोटार पाण्यात, रान टेकाडापलीकडे आणि वीज रात्री दोन वाजता, अशी सगळी रचना. त्यामुळे पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’सारखं उपकरण, ज्याला २००९ मध्ये नोकियाच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं, ते या लोकांना खेळणं वाटलं नाही. घरातून फोन लावायचा आणि मोटार चालू करायची. अंधारात सापाकिरडातून चालत जाणं वाचलं. इथल्या शेतकऱ्याच्या हातात मोबाइल अवजार म्हणून आला तो असा, पाण्याच्या बाजूने. कारखान्याच्या बाजूने यायला त्याला बराच वेळ लागला.

पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून कारखाने. सोलापूर जिल्ह्यात माळीनगरचा कारखाना स्वातंत्र्याआधीचा, पण आजची गर्दी उजनीने आणली. करमाळ्यात आदिनाथ आणि मकाई, पलीकडे इंदापुरात कर्मयोगी, माढ्यात पिंपळनेरला विठ्ठलराव शिंदे. सहकारी झाले, मग खासगी झाले. आज जिल्ह्यात तीसहून जास्त कारखाने गाळप करतात. राज्यात इतके कारखाने दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्यात नाहीत.

साखर कारखाना म्हटलं की धुराडं, बॉयलर, गव्हाणीत पडणारी मोळी डोळ्यांसमोर येते. पण यंत्राइतकाच तो हिशेबाचा कारखाना आहे. ऊस तुटला की त्याची साखर आणि वजन दोन्ही घटायला लागतं. शक्यतो दिवसभरात तो गाळला गेला पाहिजे. गव्हाण तर रिकामी राहता कामा नये, रोज काही हजार टन ऊस एका चालीने यायला हवा. आणि हा ऊस येणार कुठून? हजारो शेतकऱ्यांच्या अर्ध्या-एक एकराच्या तुकड्यांतून. कुणी आडसाली लावलेला, कुणी पूर्वहंगामी, कुणी सुरू, कुणाचा खोडवा. कुणाचा आधी तोडायचा आणि कुणाचा मागे ठेवायचा, हे ठरवणारी व्यवस्था नसेल तर आठ दिवसांत कारखाना बंद पडेल.

ती व्यवस्था कागदाची होती, आणि तिचा गावातला माणूस म्हणजे चिटबॉय. नाव इंग्रजी, काम अस्सल गावकी. लागणीच्या वेळी तो मोटारसायकलवर यायचा, बांधावर उभा राहून नजरेने किंवा शेतकरी सांगेल तेवढं क्षेत्र वहीत लिहायचा. जात ८६०३२ की २६५, लागणीची तारीख, पाटाचं पाणी की फुगवट्याचं. गट ऑफिसात त्यावरून तोडणीचा प्रोग्रॅम लागायचा. नंबर आला की चिठ्ठी निघायची, चिठ्ठी घेऊन टोळी फडात उतरायची. भरलेली गाडी काट्यावर, मग गव्हाणीवर, रिकामी गाडी पुन्हा काट्यावर, दोन वजनांतली वजाबाकी म्हणजे शेतकऱ्याचा ऊस. पंधरवड्याचं बिल बँकेत.

म्हणजे शेतकऱ्याचं वर्ष चार आकड्यांवर टांगलेलं असायचं: क्षेत्र, तारीख, वजन आणि साखरेचा उतारा. चारही आकडे कारखान्याकडे. सहकारी कारखान्यात शेतकरी कागदोपत्री मालक, सभासद, वार्षिक सभेला पहिल्या रांगेत बसणारा. पण आपला नंबर कधी आहे हे विचारायला त्याला चिटबॉयची वाट बघावी लागे. फेब्रुवारी उजाडला, उसाला तुरा आला, वजन घटायला लागलं की बांधाबांधावर एकच बोलणं ऐकू यायचं.

“अरे बाबा, शेजारच्याची लागण माझ्यानंतरची. त्याला तोड आली कशी?”

“तात्या, प्रोग्रॅम वरून लागतो. माझ्या हातात काय हाय?”

त्याच्या हातात बरंच असायचं, हे तात्यालाही माहीत होतं आणि त्यालाही. वही त्याच्याजवळ होती.

साखर कारखान्यांत संगणक शिरला तो अकौंट विभागातून. पगार, भागभांडवल, ऊसबिलं. जिथे कारकुनांच्या रांगा बसून आकडेमोड करायच्या तिथे. फडाकडे तो वळला त्याची पहिली मोठी गोष्ट मात्र सोलापुरातली नाही, कोल्हापूरकडची आहे. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी समूहात केंद्र सरकारच्या माहिती विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, सत्तर गावं संगणकाने जोडायची योजना हाती घेतली. गावातल्या केंद्रात एक संगणक, एक प्रिंटर आणि तो चालवणारा एक जण. शेतकऱ्याने यावं, उसाची नोंद करावी, तोडीची तारीख, वजन आणि बिल बघावं. शिवाय बाजारभाव, सरकारी योजना, शेतीसल्ला, सगळं मिळेल असा बेत होता. त्या काळी खेड्यात इंटरनेट म्हणजे वर्तमानपत्राच्या पहिल्या पानाचा विषय.

सात-आठ वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन संस्थेतले लोक तिथे गेले, तेव्हा चित्र निराळं दिसलं. शेतकरी केंद्रात येत होते, पण बाजारभावासाठी नव्हे आणि इंटरनेटसाठी तर नाहीच. त्यांना हवं होतं उसाचं वजन, खताची उचल, बिलाची रक्कम. संगणक जुने झाले होते, वीज जायची, दुरुस्तीचा खर्च कारखान्याच्या अंगावर. या मंडळींनी २००६-०७ च्या सुमारास सात गावांत तोच कारभार साध्या मोबाइल संदेशांवर चालवून पाहिला, आणि तो स्वस्तात, बिनबोभाट चालला. मला स्वतःला या प्रयोगाचं मोल फार वाटतं. इथे यंत्र वाढवण्याऐवजी कमी केलं गेलं, आणि शेतकरी नेमकं काय विचारतो ते आधी ऐकलं गेलं.

उजनीकाठाने वारणेची संगणकाची पायरी बहुतांशी ओलांडूनच दुसरी गाठली. इथल्या शेतकऱ्याला कारखान्याची माहिती पहिल्यांदा फोनवरच मिळाली.

पण कारखाने हे करायला तयार का झाले? शेतकऱ्याची सोय हे उत्तर वार्षिक अहवालात शोभतं. खरं कारण स्पर्धेचं. एके काळी झोनबंदी होती. तुमचं गाव ज्या कारखान्याच्या हद्दीत, ऊस त्यालाच घालायचा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने तिच्याविरुद्ध रान उठवलं आणि नव्वदच्या दशकाअखेर ती उठली. १९९८ मध्ये केंद्राने साखर उद्योगाला परवानामुक्त केलं. खासगी कारखाने उभे राहायला लागले. आता टेंभुर्णीच्या आसपासचा एखादा शेतकरी चार-पाच कारखान्यांपैकी कुणालाही ऊस देऊ शकत होता, आणि देत होता. दोन ठिकाणी नोंद करून ठेवायची, ज्याची टोळी आधी येईल त्याला तोडू द्यायचं. कारखान्याच्या वहीत वीस हजार एकर दिसायचे आणि फडात तेवढा ऊस असायचाच असं नाही.

अशा वेळी कारखान्याला सगळ्यात महाग पडते ती खोटी नोंद. तिच्यावर टोळ्यांचे करार होतात, मुकादमांना लाखांच्या उचली दिल्या जातात, वाहनं ठरतात. म्हणून चिटबॉयच्या हातात वहीऐवजी फोन दिला गेला. आता तो बांधावरून अंदाज करत नाही, शेताच्या कडेने चालतो. पडद्यावर उपग्रहाच्या साह्याने सीमा उमटत जाते, आणि शेवटच्या कोपऱ्यावर आकडा येतो. तीन एकर सांगितलेला ऊस दोन एकर बत्तीस गुंठे निघतो. एकाच तुकड्यावर दोनदा नोंद केली तर नकाशावर एकावर एक चौकोन पडतात. शेतकऱ्यांनी सुरुवातीला कुरकुर केली, आणि ती साहजिकच होती. वही चुकायची तेव्हा दोन्ही बाजूंना चुकायची. तिच्यात थोडी शेतकऱ्याचीही सोय होती. तरी शेजाऱ्याच्या लागणीची तारीख आता मागेपुढे करता येत नव्हती, हेही त्याने पाहिलं.

नोंदीचा प्रश्न सरकारच्या दारात गेला तो २०२१-२२ च्या हंगामात. त्या वर्षी महाराष्ट्राने १,३०० लाख टनांहून जास्त ऊस गाळला, १३७ लाख टन साखर केली आणि उत्तर प्रदेशाला मागे टाकलं. पेढे वाटले गेले, पण मे महिना संपत आला तरी मराठवाड्यात आणि इतरत्र ऊस उभाच होता. गेवराई तालुक्यात एका शेतकऱ्याने उभा ऊस पेटवून दिला आणि आत्महत्या केली. किती ऊस आहे याचा राज्याचा अंदाजच फसला होता. त्यानंतर, २०२२ मध्ये, शेखर गायकवाड आयुक्त असताना साखर आयुक्तालयाने ‘महा-ऊस नोंदणी’ ॲप काढलं. शेतकऱ्याने स्वतःच आपल्या उसाची नोंद करायची आणि कोणत्या कारखान्याला द्यायचा याचा पसंतीक्रम सांगायचा. वही पहिल्यांदाच, निदान तत्त्वतः, त्याच्या हातात आली.

वजनाचं भांडण त्याहून जुनं आणि त्याहून कडवट. त्यासाठी काट्याचं थोडं यंत्रशास्त्र समजून घ्यावं लागतं. पूर्वीचा काटा तरफांचा. गाडी उभी राहिली की जमिनीखालच्या दांड्या हलायच्या आणि खोलीतला काटा फिरायचा. आताच्या काट्यात पोलादी पट्ट्याच्या खाली लोडसेल असतात. भार पडला की लोडसेल केसाएवढी दबते, तिच्यातून जाणाऱ्या विजेत अतिसूक्ष्म फरक पडतो, आणि त्या फरकाचा आकडा होऊन पडद्यावर येतो. हे सारं अचूक आहे. शेतकऱ्याचा संशय लोडसेलवर नव्हताच कधी. त्याचा संशय होता तो पट्ट्यापासून पावतीपर्यंतच्या वाटेवर, कारण तिथे आत खोलीत कुणीतरी बसलेलं असे. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांत वीस-पंचवीस टन ऊस. त्यात टनभर इकडेतिकडे झालं तर डोळ्यांना कळत नाही, पण अडीच-तीन हजारांचा फरक पडतो. या प्रकाराला इकडे सरळ ‘काटामारी’ म्हणतात. बाहेर खासगी काट्यावर वजन करून आलेली गाडी आत घ्यायची नाही, असा काही ठिकाणी दंडक होता. संशयाला तेवढं खाद्य पुरे होतं.

राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ऊसतोड रोखली तेव्हा एकरकमी एफआरपीबरोबर, म्हणजे उसाच्या रास्त दराबरोबर, कारखान्यांचे वजनकाटे ऑनलाइन करा ही मागणीही पुढे होती. शेतकरी चळवळीच्या इतिहासात हे मला वळण वाटतं. शरद जोशींच्या काळात भांडण भावाचं होतं. आता रस्ता अडवून लोक संगणकाची जोडणी मागत होते. वैधमापन विभागाची भरारी पथकं फिरली, डिजिटल काट्यांचे आदेश निघाले, बाहेरच्या काट्याचं वजन ग्राह्य धरण्याची भाषा सुरू झाली. आणि ज्याच्या-त्याच्या फोनवर मेसेज यायला लागला.

तो मेसेज एकदा नीट वाचून पाहण्यासारखा असतो. पहाटे दोनच्या पुढे कधीतरी येतो, कारण गाड्यांची रांग रात्रभर हलत असते. वाहनाचा क्रमांक, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन, तारीख, वेळ. बस्स. झोपेतून उठून शेतकरी तो चष्मा लावून वाचतो आणि बायकोला सांगतो, “एकवीस चारशे भरला.” पूर्वी हाच आकडा ड्रायव्हर दोन दिवसांनी चुरगळलेल्या पावतीवर आणून द्यायचा. वजन खरं की खोटं हे मेसेज सिद्ध करत नाही. पण आकडा एकदा घरी पोचला की मागाहून बदलणं अवघड होतं, आणि चार शेजाऱ्यांचे मेसेज एकत्र ठेवले की गाडीगणिक सरासरीही काढता येते. पारावर बसून पोरं आता तेच करतात.

बिलाचंही तसंच. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर पंधरा टक्के व्याज. २००९ पासून भावाचं नाव एफआरपी झालं. तो उताऱ्याला बांधलेला असतो. पैसे थेट खात्यात, खात्यातून मेसेज. त्यामुळे चौदावा दिवस कधी उलटला हे शेतकऱ्याला बोटावर मोजता येतं. मिळतात का चौदा दिवसांत, हा वेगळा विषय. राहिला उतारा. तो अजूनही प्रयोगशाळेतच ठरतो, आणि तिथून कुणाच्या फोनवर काही येत नाही.

फोनवर आणखीही बरंच येत नाही. टोळी फडात शिरताना ‘खुशाली’ मागते. भरलेली ट्रॉली रानातून रस्त्याला काढताना ड्रायव्हरला ‘एंट्री’ द्यावी लागते, खेपेला काही शे रुपये, वर जेवण. याविरुद्ध साखर आयुक्तालयाने परिपत्रकं काढली आहेत. पण मार्च महिन्यात ज्याचा ऊस उभा आहे तो परिपत्रक दाखवत बसत नाही, खिशात हात घालतो. या पैशाची कुठल्याच प्रणालीत नोंद नाही. आणि बीडकडून कोयता घेऊन आलेलं जोडपं, ज्याच्या हातांनी ही सगळी साखळी सुरू होते, त्याचा हिशेब आजही बहुतेक मुकादमाच्या वहीत असतो. गाडीचं वजन शेतकऱ्याला रात्री दोनला कळतं. ती गाडी ज्यांनी डोक्यावर मोळ्या वाहून भरली त्यांना हंगामाअखेर, उचल फिटली की नाही एवढंच कळतं. कारखान्यांनी एवढे पैसे खर्चून एवढी ॲपं केली, पण मोळी वाहणाऱ्यासाठी एकही नीट चाललेलं मला दिसलं नाही.

दरम्यान करमाळ्याच्या कंदर भागात काही जणांनी उसाकडे पाठ फिरवली. टिश्यूकल्चरची जी-नाईन केळी लावली, निर्यातदारांची पॅकहाउसं आणि शीतगृहं उभी राहिली. फण्या धुऊन तेरा किलोच्या खोक्यात, तिथून थंड कंटेनरमध्ये तेरा-साडेतेरा अंशांवर न्हावाशेवा आणि पुढे आखाती देश. इथे वही आलीच नाही, सुरुवातच व्हॉट्सॲपवर झाली. सकाळी भाव येतो, दुपारी बागेचे फोटो जातात, संध्याकाळी कटिंगची माणसं. शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेने, अपेडाने, द्राक्षांसाठी २००६ च्या सुमारास सुरू केलेली ‘ग्रेपनेट’ आणि तिच्या पाठची ‘हॉर्टिनेट’ यांमुळे बागेची नोंद हा निर्यातीतला रोजचा शब्द झाला. पण केळीवाल्याची तक्रारही ऐका: भाव रोज कळतो, म्हणून तो रोज पडतोही. उसात निदान वर्षभराचा एक आकडा धरून बसता येतं.

अलीकडची पायरी बारामतीहून आली. तिथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने कृत्रिम बुद्धिमत्तेवर ऊस घेऊन दाखवला. हजारेक शेतकरी पहिल्या टप्प्यात घेतले. शेतात हवामान केंद्र, मातीत संवेदक, वर उपग्रह, आणि फोनवर मराठीत सल्ला: आज पाणी देऊ नका, अमुक कोपऱ्यात नत्र कमी आहे. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेलांनी त्याची चित्रफीत समाजमाध्यमावर टाकली आणि इलॉन मस्कनेही तिच्यावर दोन शब्द लिहिले. उत्पादन चाळीस टक्क्यांपर्यंत वाढेल असा दावा आहे. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने मग हा प्रयोग कारखान्यांमार्फत पसरवायचं ठरवलं. हेक्टरी खर्च २५ हजार धरला. त्यात शेतकऱ्याचे ९ हजार, बाकी संस्था आणि कारखाना यांचे. वारणेला संगणकाच्या जागी साधा फोन ठेवणारी आणि इथे आकाशातून ऊस पाहणारी कंपनी एकच, हा योगायोग वीस वर्षांत घडला.

उजनीकाठी या सल्ल्याची गाठ पडते ती विजेच्या पाळीशी. फोन म्हणतो परवा पाणी द्या. वीज आज रात्री आहे, परवाची खात्री नाही, आणि फुगवटा रोज चार बोटं मागे चाललाय. शेतकरी आजच मोटार चालू करतो. त्याला यंत्राचं पटत नाही असं नाही.

गेल्या हंगामात केत्तूरच्या अलीकडे एका बांधावर उभा होतो. कारखान्याचा पोरगा टॅब घेऊन आला होता. पडद्यावर शिवाराचा नकाशा, कुठे हिरवा, कुठे पिवळा, कुठे तांबूस. साखर कुठे भरली ते रंगावरून कळतं आणि पुढे प्रोग्रॅम त्यावरूनच लागणार, असं तो कौतुकाने सांगत होता.

“हे बघा आबा, उपग्रहातनं तुमचा ऊस दिसतोय. एकदम तयार.”

आबांनी वाकून पाहिलं. आपलं रान ओळखलं, विहीर ओळखली, बांधावरची बाभळसुद्धा ओळखली.

“दिसतोय ना त्यांना?” ते म्हणाले. “मग गाडी कधी लावताय?”

पोराने टॅब बंद केला. “वरून प्रोग्रॅम आला की सांगतो, आबा.”